जेवायचा हात

माझ्यासमोर कुणी हात लांब करून पेपर वाचायला लागलं की मला अजून भालेरावांचा आवाज ऐकू येतो. "अहो, हात किती लांबवणार? खांद्यापाशी संपतो तो. पुढं चष्माच घ्यावा लागतो." चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला ते हे वाक्य ऐकवत, आणि ऐकवताना चेहरा असा ठेवत की हसावं की रागवावं ते समोरच्याला कळू नये. मला त्यांनी ते भर वऱ्हांड्यात, दहा पेशंटांसमोर ऐकवलं होतं. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

शहापूर भागातल्या एका सरकारी दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर होतो आणि भालेराव समोरच्या खोलीत डोळे तपासत. ते डॉक्टर नव्हते. ऑपरेशन करणारे सर्जन ठाण्याहून ठरल्या दिवशी येत. चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्याच्या आतला दाब बघणं, मोतीबिंदू-काचबिंदू हुडकणं आणि शाळाशाळांतून हिंडून पोरांची नजर तपासणं हे भालेरावांचं काम. लोक त्यांना डोळ्याचे साहेब म्हणत. ते स्वतः म्हणत, "साहेब कसला, डोळ्यांचा कारकून." मूळचे मुरबाडकडले, धसईजवळच्या एका गावचे. आईबाप मजुरी करता करता गेले, हे एकटे शिकून नोकरीला लागले, आणि त्या नोकरीला त्यांनी असं घट्ट धरलं होतं की आमच्यासारख्या निवांत माणसांना त्याचा त्रास व्हायचा. दवाखाना उघडायला शिपाई यायचा त्याच्या आधी हे दारात उभे.

अंगानं किडकिडीत, खिशात पेनाऐवजी छोटी बॅटरी. नखं बारीक कापलेली, कारण रोग्याचा एक डोळा झाकायचा तर ते आपल्याच तळहातानं झाकत. पोरांना स्वतःचा हात ठेवायला सांगितलं की ती बोटांच्या फटीतून बघतात, असं त्यांचं म्हणणं. डोळ्यावर हात ठेवण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे. थंडीत वऱ्हांड्यातून जाताना तो घासल्याचा आवाज आला की मी म्हणायचो, भालेरावांची भजनी मंडळी बसली.

आणखी एक खोड म्हणजे, काय करणार ते रोग्याला आधी सगळं सांगायचं. आता लांबचा तक्ता वाचायचा, एकेका डोळ्यानं. मग जवळचं वाचायचं. मग बॅटरीनं बघीन, उजेड टोचल्यासारखा वाटेल पण लागणार काही नाही. मग थेंब घालीन, ते झोंबतील, बाहुली मोठी होईल, संध्याकाळपर्यंत जवळचं नीट दिसणार नाही आणि ऊन सोसणार नाही. बाजार करायचा असेल तर आधी करून या, थेंब नंतर घालू. एवढं पुराण प्रत्येकाला. मी एकदा वैतागून म्हणालो की लग्नातला भटजीसुद्धा इतकं समजावून सांगत नाही. तेव्हा त्यांनी नोकरीच्या सुरुवातीची हकीकत सांगितली. एका बाईला थेंब घालून त्यांनी बाहेर बसवलं आणि सांगायचं राहून गेलं. बाईला समोरचं पुसट दिसायला लागलं, उन्हात डोळे उघडेनात. सरकारनं आपल्याला आंधळं केलं असं समजून ती रडत, चाचपडत गावाकडं चालत निघाली. दुसऱ्या दिवशी डोळे ठीक झाले, पण त्या गावातलं माणूस पुढं कित्येक वर्षं डोळे दाखवायला आलं नाही. त्यात काहींचे डोळे खरोखरच गेले. हे सांगताना भालेराव माझ्याकडं बघत नव्हते.

मोठ्या माणसांशी त्यांची रोजची भांडणं एका शब्दावरून व्हायची. पिकणं. म्हातारे येऊन सांगायचे, मोतीबिंदू अजून पिकला नाय, पिकला का येतो. भालेराव विचारायचे, "आंबा आहे का तो? पेंढ्यात घालून ठेवलाय का?" लोक हसायचे आणि घरी जायचे. पण त्यांचा खरा वैरी काचबिंदू. तो दुखत नाही, कळवत नाही, कडेकडेनं नजर खात आत येतो, आणि खाल्लेलं परत देत नाही. घरात एकाला निघाला की ते त्याच्या सगळ्या भावाबहिणींना बोलावणं धाडत. एका हेडमास्तरांना त्यांनी अशीच गळ घातली, कारण त्यांच्या थोरल्या भावाची नजर त्यानंच गेली होती. हेडमास्तरांनी तक्त्याची शेवटची ओळ घडाघड वाचून दाखवली आणि विचारलं, आता आणखी काय बघायचं राहिलं? भालेराव म्हणाले, दाब बघायचा राहिला. त्याला वेळ नाही म्हणून हेडमास्तर उठले. शेवटची ओळ वाचता आली म्हणजे डोळा चांगला, हे शिकल्यासवरल्या माणसांच्याही डोक्यातून जात नाही. पुढं ते आले तेव्हा बायकोनं दंडाला धरून आणलं होतं. भालेराव त्यांना एक शब्दही टोचून बोलले नाहीत. खुर्चीवर बसवलं आणि नेहमीसारखं सगळं आधी सांगायला सुरुवात केली.

पण त्यांचा जीव होता शाळांवर. मोठ्या माणसाला दिसेनासं झालं तर तो सांगतो तरी, पोराला कळतच नाही, असं ते म्हणत. ज्याला जन्मापासून पुसट दिसतं त्याला जग पुसटच वाटतं. फळ्यावरचं उतरवत नाही म्हणून मास्तर त्याला मठ्ठ ठरवतात, आणि ते खालमानेनं मठ्ठ होतं. त्यातही एका डोळ्याचा नंबर फार असेल तर पोर दुसऱ्या डोळ्यानं निभावून नेतं. मेंदू त्या वाईट डोळ्याचा नाद सोडून देतो. याला ते आळशी डोळा म्हणत. सहा-सात वर्षांपर्यंत सापडला तर चष्मा द्यायचा, चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावायची आणि आळशाला कामाला जुंपायचं, तो सुधारतो. वेळ गेली की मग डोळा दिसायला सुंदर आणि कामाला शून्य.

लहान पोरांसाठी अक्षरांचा तक्ता चालत नाही. त्यांच्या तक्त्यावर तीन दातांची एकच खूण असते, कुठं वर तोंड केलेली, कुठं खाली, कुठं बाजूला. भालेराव तिला फणी म्हणत. फणीचे दाते कुणीकडं, एवढंच पोरानं सांगायचं. वर-खाली पोरं पटकन सांगतात, अडतात ती डाव्या-उजव्यात. त्यावर भालेरावांनी तोडगा काढला होता, आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता. उजवा-डावा म्हणायचंच नाही. जेवायचा हात आणि धुवायचा हात. धुवायचा म्हटलं की वर्गात खसखस पिकायची, भीती पळायची आणि पोरं मोठ्यानं ओरडत सांगायची, "वर, जेवायचा, खाली, धुवायचा!" जिल्ह्याच्या एका बैठकीत त्यांनी हे उभं राहून सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. परत येताना जीपमध्ये ते स्वतःशीच हसत होते. इतका खूश झालेला हा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

किन्हवलीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी एका आदिवासी वाडीची शाळा होती. एकच खोली, एकच गुरुजी. नव्वदीची सुरुवातीची वर्षं असतील. पोरांना रातांधळेपणा येऊ नये म्हणून जीवनसत्त्वाचा डोस पाजायला मी बरोबर गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. भिंतीला तक्ता टांगला, पोरांची रांग केली आणि आरडाओरडा सुरू झाला. रांगेत सोमी नावाची एक मुलगी होती. दुसरीतली, बुजरी, तोंडातून शब्द काढीना. भालेराव म्हणाले, बोलू नको, नुसता हात दाखव. डावा डोळा तळहातानं झाकून त्यांनी तिच्या उजव्या डोळ्यापासून सुरुवात केली. वर तोंडाच्या फणीला तिनं वर दाखवलं, खालच्या फणीला खाली. बाजूच्या फण्या मात्र सगळ्या उलट. उजवीकडं दाते असले की ती डावा हात पसरी, डावीकडं असले की उजवा. भालेराव थांबले. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "साहेब, डावरी आहे ती. जेवतेपण डाव्या हातानं. घरचे मारतात, ऐकत नाही." सगळा वर्ग हसला, मीही हसलो. भालेरावांना कोडं सुटलं. म्हणजे हिला दिसतंय बरोबर, फक्त हिचा जेवायचा हात निराळा. त्यांनी तिला प्रेमानं समजावलं की बाळ, हाताचं नाव सोड, दाते जिकडं दिसतील तिकडं हात कर. मग उजवा डोळा झाकून डावा तपासला. तिनं एक चूक केली नाही. समजावलेलं कळलं, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि पुढच्या पोराला बोलावलं. उजव्या डोळ्याकडं ते परत गेले नाहीत.

काही वर्षांनी, भातझोडणी संपत आली होती तेव्हा सोमीचा बाप काळू तिला घेऊन दवाखान्यात आला. पोरगी तेरा-चौदा वर्षांची झाली होती. झोडताना भाताचं कुसळ डाव्या डोळ्यात गेलं होतं. घरी कसल्या तरी पाल्याचा रस घालून झाला होता, आणि डोळ्याचं नुसतं गळू झालं होतं. भालेरावांनी बॅटरीनं बघितलं आणि ठाण्याला न्यायची गाडी मागवली. गाडी येईपर्यंत, दुसरा डोळा तरी शाबूत आहे ना हे बघायला त्यांनी तिला तक्त्यासमोर बसवलं. तक्त्यावरची सगळ्यात मोठी फणी तिला दिसेना. ते तक्ता जवळ नेत गेले. शेवटी तिच्या तोंडापुढं हाताची बोटं धरली, ती तेवढी तिनं मोजली.

मी थेंबांची बाटली द्यायला आत गेलो होतो. भालेराव तिला विचारत होते, या डोळ्यानं कधीपासून दिसत नाही? ती म्हणाली, काय म्हायती, ह्या डोल्यानं मी कदी बघतलाच नाय. शाळेत डोळे तपासले नव्हते का? तपासलं व्हतं, तुमीच आलता. भालेरावांना काही आठवेना. वर्षाला हजारो पोरं, कुठली आठवणार? सवयीनं त्यांनी तक्त्यावरची मोठी फणी तिच्या नाकापाशी धरली आणि विचारलं, जेवायचा हात का धुवायचा?

सोमीनं डावा हात पुढं केला. "सायब, माजा जेवायचा हात ह्यो. तवा पन मी ह्योच दाखवला व्हता, सगली पोरा हसली."

भालेरावांनी तक्ता खाली घेतला. "तेव्हा तुला दाते दिसत होते का गं?"

"नाय. पोरा वरडत व्हती ना, ता ऐकून दाखवला."

गाडी आली, तिला घेऊन गेली. भालेराव माझ्या खोलीत येऊन खोक्यावर बसले. खिडकीवर गर्दी होती, मी बाटल्या देत होतो, आणि ते मागून हलक्या आवाजात बोलत होते. "बघणाऱ्याला हाताचं नाव लागत नाही, देसले. दाते जिकडं दिसतात तिकडं तो हात करतो. डावरा असो नाहीतर उजवा, हात उलटा जायचं कारणच नाही. नाव लागतं ते ऐकणाऱ्याला. पोरं 'जेवायचा' ओरडत होती, ते हिनं पाठ केलं आणि आपला जेवायचा हात पुढं केला. ती मला सांगत होती की दिसत नाही. आणि मी तिला शाबासकी दिली." मी म्हणालो, गुरुजींनीच डावरी म्हणून सांगितलं, तुम्ही काय करणार? ते म्हणाले, गुरुजींनी हात सांगितला, डोळा मी बघायचा होता.

डावा डोळा वाचला तो नुसता जागेवर राहण्यापुरता. जखम भरली आणि बुबुळावर पांढरंधोप फूल पडलं. भालेराव रजा काढून तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले, हेलपाटे घातले, तिथं तिचं बुबुळ बदललं. नवं बुबुळ काही महिने काचेसारखं स्वच्छ होतं. मग तेही पांढरं झालं. उजव्या डोळ्याला चष्मा दिला, पण झोपी गेलेला डोळा त्या वयात चष्म्यानं उठत नाही. थोडंफार उठावं म्हणून भालेराव दर बाजाराच्या दिवशी तिला बोलावत, ताटलीत तांदूळ ओतून खडे वेचायला लावत, मोठ्या भोकाचे मणी ओवून घेत. दुसरा डोळा गेल्यावर असा डोळा कधीकधी थोडा हात देतो म्हणे. दोन वर्षं त्यांनी हे केलं. शेवटी तिला चूल दिसायची, दार दिसायचं, समोर माणूस उभं आहे हे कळायचं. कोण ते आवाजावरून.

त्याच काळात एकदा ते मला बरोबर घेऊन वाडीवर गेले. काळू ओट्यावर दोरी वळत बसला होता. भालेराव खाली जमिनीवर बसले आणि सरळ म्हणाले, तुझ्या पोरीचा उजवा डोळा माझ्या चुकीनं गेला. मला त्या वेळी कळला असता तर आज तिला एका डोळ्यानं तरी सगळं दिसलं असतं. काळूनं दोरी वळणं थांबवलं नाही. जो डोळा दिसायला धडधाकट, ज्याला कधी काही लागलं नाही, तो कुणाच्या चुकीनं कसा जाईल हे त्याच्या डोक्यात शिरेना. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "सायब, कुसल गेला तो आमच्या खल्यात. तुमी कुटं व्हता तवा?" भालेरावांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काळूच्या बायकोनं पाणी आणून दिलं. काळू म्हणाला, पोरीसाठी तुमी एवडा केला, आमी इसरनार नाय. परतीच्या वाटेवर भालेराव म्हणाले, "शिवी दिली असती तर बरं झालं असतं." मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर त्या वाडीचाही राग आला. एवढं मोठं नुकसान झालेलं, आणि कुणावर बोट ठेवावं हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यानंतर भालेरावांचं काम बिघडलं, असं वरचे साहेब म्हणायचे. शाळेत गेले की ते सगळी पोरं बाहेर काढत, दार लावून घेत आणि एकेकाला आत बोलावत. भिंतीवरचा तक्ता गेला. एकच फणी काढलेला पुठ्ठा घ्यायचा, पाठीमागं नेऊन फिरवायचा आणि पोरासमोर धरायचा. दोन्ही डोळे झाले की पहिला पुन्हा. जिथं एका दिवसात तीन शाळा उरकायच्या तिथं एक शाळा पुरी होईना. साहेबांनी झापलं, पगारवाढ अडकली. जेवायचा हात हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या तालुक्यांतले लोक ती युक्ती वापरू लागले होते. कुणी कौतुकानं विषय काढला की भालेराव उठून बाहेर जात.

सोमीचं पुढं एका बिजवराशी लग्न झालं, शेजारच्याच वाडीत. चूल सांभाळते म्हणून त्यानं केली. भालेराव निवृत्त होऊन शहापुरातच राहिले. बायको आधीच गेली होती, मुलगी कल्याणला दिली होती. मी अधूनमधून जात असे. पूर्वीसारखी थट्टा करून बघायचो, तेही हसायचे, पण ते हसणं माझ्यासाठी असायचं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं तेव्हा दुपारची वेळ होती. मी गेलो तर दारात चपला, आणि आत सोमी. चार-पाच वर्षांचा मुलगा तिचा पदर धरून उभा. किन्हवलीहून एसटीनं आली होती, नवरा तिला दारापर्यंत सोडून बाजारात गेला होता. पोराला शाळेत घालायचं होतं, त्याआधी डोळे तपासायचे होते. मी म्हणालो, दवाखान्यात आता नवे साहेब आहेत, यंत्रंपण नवी आहेत. ती म्हणाली, "नाय, आमचं सायबच बघतील." आणि आवाजाच्या दिशेनं माझ्याकडं बघून हसली. एक डोळा पांढरा, दुसरा काळाभोर, बघणाऱ्याला वाटावं की याच डोळ्यानं ती आपल्याला न्याहाळते आहे.

भालेरावांनी पोराला स्टुलावर बसवलं. काय काय करणार ते सगळं त्याला सांगितलं. पुठ्ठा फिरवत फिरवत उजवा डोळा झाला, डावा झाला, पुन्हा उजवा. पोरगं चुणचुणीत होतं, फणी पुढं यायच्या आत हात करायचं. एकदाही चुकलं नाही. भालेरावांनी पुन्हा डावा घेतला, पुन्हा उजवा. पोर कंटाळलं, स्टुलावरून उतरायला लागलं. भालेरावांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पुठ्ठा माझ्या हातात दिला.

"तुम्ही बघा, देसले. मला सांगता येत नाही."

मी आयुष्यभर बाटल्या दिल्या, कुणाचे डोळे कधी तपासले नाहीत. तरी पुठ्ठा धरला, फिरवला, पोरानं सगळं बरोबर दाखवलं. मी सोमीला म्हणालो, काळजी करू नको, दोन्ही डोळे छान आहेत याचे.

ती मान किंचित कलती करून ऐकत राहिली. मग म्हणाली, "सायब बोललं का तसा?"

मी भालेरावांकडं बघितलं. पोराच्या काखेत हात घालून ते त्याला परत स्टुलावर बसवत होते.